पाण्याची पाऊणकी

पायातल्या वहाणा काढून हातात घ्या. पुढची वाट चिखलाची आहे आणि साल आहे 1871.

तुम्ही उभे आहात तिथे पुढे मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेचा गलबला व्हायचाय: शेअर रिक्षांची रांग, वडापावची गाडी, मोबाइलची कव्हरं विकणारी पोरं. आत्ता डोळा पोचेल तिथवर भाताची खाचरं आहेत, त्यांच्या कडेनं मातीचे बांध आणि बांधांपलीकडे तिवरांची बुटकी, दाट झाडी. साष्टी बेटाचं हे उत्तर टोक. वर वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बिबट्यांचे डोंगर. लांबवर खाडीवरचा रेल्वेपूल दिसतोय. मुंबईहून अहमदाबादेकडे गाडी सुरू झाली 1864 साली, म्हणजे तो अजून नवाच म्हणायचा. इथल्या माणसाला मात्र गाडीच्या वेळेपेक्षा पाण्याची वेळ कळणं जास्त गरजेचं.

आषाढातली संध्याकाळ आहे. पाऊस जरा थांबलाय. बांधावर डोक्यावर इरलं घेऊन एक म्हातारा उकिडवा बसलाय आणि त्याच्या पायाशी उघाडी आहे. वाका आणि नीट बघा, कारण या गावाचं सगळं शहाणपण त्या तीन हात रुंदीत मावलेलं आहे. बांधाला ठेवलेलं खिंडार, दोन्ही अंगांना दगडी चौकट, मध्ये वरखाली सरकणाऱ्या लाकडी फळ्या. ओहोटी लागली की फळ्या वर घ्यायच्या, शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती वळली की फळ्या खाली टाकायच्या, खाडीचं खारं पाणी बाहेरच अडतं. यंत्र म्हणाल तर एवढंच. बाकीचं यंत्र म्हणजे हा म्हातारा.

"चवथीचं पानी हाय," तो तुमच्याकडे न बघता म्हणतो. "कोंबडा आरवायच्या आदी भरल."

त्याच्याकडे घड्याळ नाही. तुमच्या आजोबांना पाऊणकी पाठ होती ती आठवा. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चार पाऊणे तीन. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. आठ पाऊणे सहा, अष्टमीला सहाच्या सुमारास. थोडाफार फरक पडतो, पण मुंबईच्या किनाऱ्यावर हे गणित बसतं. म्हाताऱ्याला ते गणित म्हणून ठाऊक नाही, अंगवळणी म्हणून ठाऊक आहे. आज रात्री तीनच्या आधी तो उठेल, कंदील घेऊन येईल आणि फळ्या पडल्यात की नाही ते हातानं चाचपून बघेल. एखादा ओंडका अडकून फळी वर राहिली तर खारं पाणी आत शिरेल, आणि एकदा शिरलं की नुसतं यंदाचं पीक जात नाही. मातीतला खार पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन निघेल तेव्हा कुठे भात पुन्हा उभं राहील. इथं राता पिकतो, खाऱ्या मातीला दाद न देणारा लालसर तांदूळ. पण रात्यालाही मर्यादा आहेत.

गेल्याच वर्षी, 1870मध्ये, सरकारनं भाईंदर, मिरे, घोडबंदर या भागातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना पट्ट्यानं दिली. मुदत 999 वर्षं. खाडीचं पाणी शेतांत येऊ नये म्हणून बांध घालायचे, राखायचे आणि त्याबदल्यात पिकाचा वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार. म्हाताऱ्याला मुदतीचं काही पडलेलं नाही. तुम्ही मात्र आकडा लक्षात ठेवा: हा पट्टा संपणार 2869 साली. सरकारी कागदावर माणसानं समुद्राशी इतक्या लांबचा करार केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आता पुढे चला. 1938. एप्रिलचं ऊन, वेळ दुपारची. भाईंदर स्टेशनावर उतरा आणि डोळ्यांवर हात धरा, कारण रुळांच्या दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं आहे. मिठागरं.

दोन वर्षांपूर्वी, 1936मध्ये, विजेची गाडी विरारपर्यंत आली. भाईंदरचा पोरगा आता सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी परतू शकतो, आणि काही जण तसं करूही लागलेत. पण त्याचा बाप आणि आई अजून आगरात आहेत. आपण त्यांच्याकडे जाऊ.

बांध तोच, उघाडी तीच, फक्त काम उलटं झालंय. शेतकरी खारं पाणी बाहेर ठेवण्यासाठी रात्री उठायचा, आगरी ते आत घेण्यासाठी उठतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी उंच चढतं तेव्हा उघाडी उघडायची आणि पहिला मोठा तलाव भरून घ्यायचा. तिथं गाळ बसतो. पाणी मग दुसऱ्या, उथळ तलावात सोडायचं. तिथं ऊन आणि वारा त्याला आटवतात. असं करत करत ते दाट होतं आणि शेवटी छोट्या वाफ्यांत येतं. हे वाफे पावसाळा संपल्यावर आठवडेच्या आठवडे पायांनी तुडवून तयार केलेले असतात. आगऱ्यांची अख्खी कुटुंबं ओळीनं उभी राहून एका तालात चिखल तुडवतात, इतका की तळ शेणानं सारवलेल्या ओसरीसारखा घट्ट आणि गुळगुळीत होतो. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं येतं, आणि काळ्या मिठाला भाव नाही.

वाफ्याच्या काठावर बसा. आत बोट बुडवून बघा. पाणी कोमट आहे, तेलकट लागतं. पृष्ठभागावर बारीक साय धरल्यासारखं काही दिसतंय, ते मिठाचे पहिले खडे. ते जड झाले की बुडतात, तळाशी वाढतात. बाई लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ते हळूच कडेला ओढते. जोर लावला तर तळ खरवडला जातो, हलका हात ठेवला तर मीठ मागे राहतं. तिच्या मनगटाकडे बघत राहा, फावडं चिखलाच्या एक केसभर वरून चाललंय. सगळं पाणी आटू द्यायचं नाही हेही तिला ठाऊक आहे. मीठ बसल्यावर जे उरतं ते पाणी कडू असतं, ते वेळेवर सोडून द्यायचं, नाहीतर मीठही कडवट होतं. पाटीत भरलेलं ओलं मीठ डोक्यावर घेऊन ती बांधावर रास घालते. तिच्या पायांना भेगा आहेत आणि त्या भेगांत रोज मिठाचं पाणी जातं. तुम्ही विचारलंत तर ती हसेल. विचारू नका.

मिठागराचा वैरी पाऊस. मे महिन्यात अवेळी एक सर आली तर महिनाभराचं मीठ विरघळून खाडीला परत जातं. म्हणून राशींवर गवताचे थर शाकारतात, आणि आभाळाकडे बघणं हा इथल्या माणसाचा स्वभाव होऊन बसतो. पाऊस सांभाळता येतो, पण साठ वर्षांनी जे आलं ते आभाळातून आलं नाही. 1998 साली केंद्र सरकारनं आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी केली, 2000मध्ये ती उठवली आणि 2006मध्ये पुन्हा आणली. गलगंडाच्या दृष्टीनं निर्णय बरोबरच असेल, त्यात मी शिरत नाही. पण खडेमीठ ताटातून उठलं ते उठलंच. पाकिटातलं मीठ आलं, आगरी बाईच्या मनगटाची किंमत उतरली आणि त्याच वेळी तिच्या पायाखालच्या जमिनीची किंमत चढली. मिठागरं मेली ती दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन.

आता पश्चिमेला वळा. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकत उत्तनला उतरायचंय. डोंगरीच्या चढावर डावी-उजवीकडे तटाचे दगड दिसतील, तो धारावीचा किल्ला. 1737 ते 1739 या दोन वर्षांत मराठे आणि पोर्तुगीज इथं एकमेकांना उठवत-बसवत होते आणि 1739च्या मेमध्ये समोरची वसई चिमाजी अप्पांकडे गेली. इतिहासाचं पुस्तक इथे थांबतं. कोळी मात्र त्या लढाईच्या आधीही जाळी टाकत होता, नंतरही टाकत राहिला. देऊळ-चर्च बदललं, राजा बदलला, बोंबील पकडायची रीत बदलली नाही. आपण थांबू ते कोळ्यापाशी, 1950च्या आसपास, कार्तिकातल्या एका सकाळी.

किनाऱ्यावर बांबूंच्या लांबच लांब वलांड्या आहेत आणि दोन बांबूंच्या मध्ये ताणलेल्या दोऱ्या. होडी नुकतीच लागलीय. पाट्यांत ओले बोंबील ओतलेत: पारदर्शक, लिबलिबीत, हातात धरले तर निसटतात. या माशात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दुपारपर्यंत तो टिकणार नाही. बर्फ नाही, बाजार लांब. अशा माशाचं करायचं काय, हा प्रश्न उत्तनच्या बाईनं कधीच सोडवून ठेवलाय.

"ये, हात लाव," ती म्हणते. ती नाकारू देणार नाही, तेव्हा लावा.

दोन बोंबील घ्या. बोंबलाचा जबडा त्याच्या अंगाच्या मानानं मोठा आणि दात बारीक, सुईसारखे, आत वळलेले. एकाचं तोंड उघडा, दुसऱ्याचा जबडा त्यात सरकवा, थोडी पीळ द्या. दातांत दात अडकले की जोडी झाली. आता ती दोरीवर टाका, एक अलीकडे, एक पलीकडे. ना सुतळी, ना आकडा, ना खिळा. माशाची अडचण होती ती त्याच्या दातांनीच सोडवली. तुमची पहिली जोडी सुटून वाळूत पडेल. बाई काही बोलणार नाही, तोवर तिच्या सात-आठ जोड्या लागलेल्या असतील. दोन-तीन दिवस कोरडं ऊन आणि खारा वारा मिळाला की हाच लिबलिबीत मासा कडक काडी होतो, पोत्यात भरला जातो आणि पावसाळाभर घाटावरच्या माणसाच्या भाकरीलाही पुरतो.

तिचा नवरा तांडेल आहे. त्याचं डोल जाळं म्हणजे एक भलीमोठी पिशवी, समुद्रात रोवून ठेवलेली, तोंड प्रवाहाकडे. तो माशामागे धावत नाही. पाणी धावतं, मासा पाण्याबरोबर येतो आणि पिशवीत अडकतो. प्रवाह थांबायच्या सुमाराला जाळं उचलायचं, पाणी उलटं वळलं की जाळ्याचं तोंडही वळवायचं. उधाणाला पाण्याला जोर असतो तेव्हा कामाचे दिवस. भांगाला पाणी सुस्त पडलं की होड्या किनाऱ्यावर, जाळ्यांची दुरुस्ती, लग्नं, भांडणं. इथंही पाऊणकीच. बांधावरचा म्हातारा, आगरी बाई आणि हा तांडेल एकाच घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ आभाळात टांगलेलं आहे.

पुढचा भाग भरभर बघू. होडीला इंजिन बसतं. सुताची, सणाची जाळी, जी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून टिकाऊ करावी लागत, ती जाऊन नायलॉन येतं. बर्फ येतो आणि होडी एका दिवसाऐवजी आठवडाभर बाहेर राहू लागते. मग जीपीएस, वायरलेस, मोबाइलवर हवामानाचा इशारा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हा सरकारी नियम. यातलं काहीच उत्तननं नाकारलं नाही. कोळी नव्याला घाबरतो असं म्हणणाऱ्यानं त्याच्या होडीची केबिन बघावी. मात्र या सगळ्यातून एक गोष्ट उलटली. पूर्वी मासा जवळ होता आणि बाजार लांब. आता बाजार दारात आहे आणि मासा लांब गेलाय. डिझेलचा हिशेब करून तांडेल निघतो आणि कधीकधी डिझेलपुरतंही हाताला लागत नाही. वलांडीवर मासा टांगला असताना अवकाळी पाऊस आला तर शेतकऱ्याचा पंचनामा व्हायचा, कोळणीच्या भिजलेल्या बोंबलाला कोण विचारणार, हे गाऱ्हाणं वर्षानुवर्षांचं. एप्रिल 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. कागद आला. वलांडीपर्यंत तो कसा पोचतो ते दिसेलच.

आता जरा अंग चोरून उभे राहा. 1989. भाईंदर पूर्वेच्या एका चार मजली इमारतीखाली तुम्ही पाण्याच्या रांगेत आहात. हातात दोन बादल्या, काखेत कॅन. पुढे बत्तीस जण.

गंमत अशी की या गावाच्या दोन बाजूंना पाणी आहे. इमारतीच्या आवारात बोअरवेलही आहे. तिच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. पिण्याचं पाणी येतं शहाड-टेमघर योजनेतून, म्हणजे उल्हास नदीचं. तीच उल्हास खाली वाहत येऊन ठाण्याच्या अलीकडे वळते आणि वसईची खाडी होऊन तुमच्या दाराशी खारट उभी राहते. एकच नदी, वरून गोड पाइपातून आणि खालून खारी भरतीतून. टँकर आला की रांग मोडते. बायकांनी रांगेचा नियम स्वतःच केलाय: आधी घरात तान्हं मूल असलेली, मग सकाळच्या लोकलची, मग बाकीचे. टँकरवाल्याला हा नियम माहीत आहे आणि तो मोडायची त्याची हिंमत नाही.

सकाळच्या लोकलचं वेगळंच शास्त्र. मीरा रोडच्या माणसाला विरारहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून तो आधी उलट्या दिशेनं भाईंदरला जातो, तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून तेच अंतर परत कापतो. वेळ जास्त लागतो, पण बसायला मिळतं. याला रिटर्न म्हणतात. तिकीट तपासनीस पकडेल तो भाग वेगळा.

हे सगळे लोक इथे आले का? मुंबईत परवडत नव्हतं म्हणून. गिरणी बंद पडली, चाळीतल्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, पागडीचे पैसे आले. भातखाचरांवर आणि मिठागरांवर भराव पडला, भरावावर इमारती. 1985मध्ये नगरपालिका झाली, 28 फेब्रुवारी 2002ला महानगरपालिका. 1991च्या जनगणनेत पावणेदोन लाख माणसं होती, 2001मध्ये 5 लाख 20 हजार, 2011मध्ये 8 लाखांच्या वर. कायद्याचा अभ्यास करणारं कुणी घरात असेल तर त्याला विचारा, माणसाच्या जगण्याच्या हक्कात बऱ्यापैकी निवाराही येतो असं सर्वोच्च न्यायालयानं 1990मध्ये ज्या शांतीस्टार बिल्डर्स खटल्यात म्हटलं, तो खटला याच मिरे गावातल्या, दुर्बल घटकांसाठी म्हणून मंजूर झालेल्या घरांचा. देशभर उद्धृत होणारं वाक्य या चिखलातून उगवलंय. इथल्या फार थोड्यांना ते ठाऊक असेल.

रांगेतून बाहेर या आणि चार वर्षं पुढे, 1993च्या उन्हाळ्यात, मीरा रोड पूर्वेला उतरा. मुंबईतल्या दंगलींनंतर बोचकी बांधून निघालेली कितीतरी मुस्लिम कुटुंबं नया नगरमध्ये घर शोधताहेत. वसाहत आधीपासून होती, ती आता झपाट्यानं भरते. एजंटच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न चौरस फुटांचा नसतो. "शेजारी कोण आहेत?" असं तो विचारतो. याही शहाणपणाला जुळवून घेणं म्हणायचं का, मला ठरवता येत नाही. भीतीनं माणूस आपल्या माणसांजवळ सरकतो हे खरं. पण मग एक वस्ती अशी, दुसरी तशी, तिसरी फक्त शाकाहाऱ्यांची, असं शहर तयार होतं आणि पाण्याची रांग सोडली तर ही माणसं एकमेकांना कुठे भेटणार?

भेटली ती 26 जुलै 2005ला.

पंचांग बघा. आषाढ वद्य पंचमी-षष्ठीचा सांधा. पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार. प्रत्यक्ष भरती आली दुपारी तीन पन्नासला, 4.48 मीटरची. त्याच दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वरून पाणी आणि खालून पाणी. 1871च्या म्हाताऱ्यानं हे ऐकलं असतं तर एवढंच विचारलं असतं: उघाडीवर कोण होतं?

कुणीच नव्हतं. उघाडीच नव्हती. नाले सरळ खाडीत उतरत होते, त्यांच्या तोंडाशी प्लास्टिक आणि डेब्रिज. भाताचे बांध फुटले तेव्हा ते लिंपायला शेतकरीच उरला नव्हता. भरावानं उंच झालेल्या नव्या प्लॉटवरून पाणी घरंगळत जुन्या, सखल आवारांत आलं. तिवरं जिथं तोडली होती तिथून भरती बिनदिक्कत आत.

तुम्ही गाडी बंद पडल्यावर रुळांवरून चालत निघालात. दहिसर गेलं, अंधार झाला, पुढच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून माणसं चालताहेत. मीरा रोडला तुमच्या इमारतीत पोचता तेव्हा तळमजल्यावर कमरेइतकं पाणी. जिन्यावर तळमजल्याची चार बिऱ्हाडं बसलीयत. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या काकूंनी सोसायटीच्या सभेत या लोकांशी कचऱ्यावरून वर्षभर भांडण केलं, त्यांच्या स्वयंपाकघरात या घडीला तीन शेगड्या पेटल्यात. पाणी उतरायला सुरुवात झाली ती ओहोटीबरोबर, पालिकेमुळे नव्हे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश दिला. 2018मध्ये तर न्यायालयानं ही तोड म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असल्याचं म्हटलं. निवाराही जगण्याचा हक्क आणि तिवरही जगण्याचा हक्क. या गावात दोघांची जागा एकच होती, हीच सगळी रड आहे.

आणि तो 999 वर्षांचा पट्टा? तो आहे. बांध गेले, भात गेलं, पिकाचा वाटा गेला, पट्टा हातोहात पुढे जात राहिला आणि बांधकामाला पट्टेदारांची ना-हरकत लागते का, यावरचे वाद कचेऱ्या-कोर्टांपर्यंत पोचले. जमिनीवरचा हक्क माणसानं कागदावर जपला आणि ज्या कामासाठी हक्क मिळाला ते काम विसरला. पूर, टंचाई, गर्दी या तिन्हींच्या मुळाशी मला हेच दिसतं. इथल्या माणसाला जुळवून घेता येत नाही असं कधीच नव्हतं. जुळवून घ्यायला रात्री कुणीतरी उठावं लागतं आणि ते काम कुणाचं, हे ठरवायचं आपण सोडून दिलं.

आता पार आजच्या घडीला या. फेब्रुवारी 2024पासून भाईंदरच्या जेट्टीवरून वसईला रो-रो बोट सुटते. घोडबंदरला वळसा घालून अडतीसेक किलोमीटर जाणारी मोटारसायकल बोटीवर चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरते. शंभर वर्षांपूर्वी मिठाचे मचवे याच पाण्यावरून जायचे, त्यामुळे नवं काय म्हणायचं तर तिकीट. सूर्या धरणाच्या पाण्याची योजना रोजच्या 403 दशलक्ष लिटरची, त्यातले 218 मीरा-भाईंदरच्या वाट्याचे. पालघरचे आदिवासी आणि शेतकरी विचारत राहिले की आमच्या शेताचं काय. मेट्रोची चाचणी 2025च्या मेमध्ये झाली. तिची कारशेड आधी राई-मुर्ध्यात होणार होती, गावकरी उठले म्हणून ती डोंगरीला सरकली आणि तिथं हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. शहराचा कचरा उत्तनला, धावगीच्या डोंगरावर. शहर स्वच्छतेशी जुळवून घेतं तेव्हा धूर आणि वास उत्तनच्या वाट्याला येतो, आणि खाली वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. जुळवून घेण्याची किंमत कुणीतरी भरतंच. बहुतेक वेळा भरणारा नकाशाच्या कडेला राहतो.

शेवटची खेप तुमच्याच सोसायटीत, गच्चीवर, सर्वसाधारण सभेला. खुर्च्या प्लास्टिकच्या, चहा कागदी कपात. विषय क्रमांक चार: आवारात पाणी साचणे. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि दीड फूट वर आला, तेव्हापासून इमारतच खड्ड्यात गेलीय. एक गट म्हणतो, पुनर्विकासाला जाऊ, नवी इमारत स्टिल्टवर, खाली गाड्या, पाणी आलं तर गाड्यांत येईल. दुसरा गट म्हणतो, बिल्डर पळाला तर? सेक्रेटरी पंपाचं कोटेशन वाचून दाखवतो. तळमजल्यावरचे काका म्हणतात, पंप सगळ्यांच्या पैशानं. चौथ्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्याकडे कुठे पाणी येतं? काका सांगतात की तुमची लिफ्ट आमच्याकडून सुरू होते. हशा. मतदान होतं.

कुणीतरी विचारतं, भरती रात्री तीनला असली तर पंप सुरू कोण करणार? वॉचमन, असं एक जण म्हणतो. वॉचमननं त्यासाठी वेगळे पैसे मागितलेत, असं खजिनदार सांगतात. त्याला इमारतीच्या चाव्यांपासून मोटारीच्या स्विचपर्यंत सगळं माहीत आहे, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक तो मोबाइलवर बघतो. अर्धा तास त्याच्या पगारावर वाद होतो, तो खाली गेटवर असताना. मग सेक्रेटरी घड्याळ बघतात आणि इतिवृत्तात लिहून घेतात: पंप खरेदीचा ठराव बहुमताने मंजूर. पंप चालवण्याची जबाबदारी, हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.